बिनपडद्याचा बेस

गाडीत तिघं होती आणि तिघांचं एकमेकांशी फाटलेलं होतं. प्रितम गाडी चालवत होता, शेजारी त्याची आई कमळा बसली होती आणि मागच्या सीटवर धाकटी बहीण भाविका. मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरच्या रांगेत वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात प्रितमने सहा-सात वेळा हॉर्न बडवला, कमळाने तोंड उघडलं नाही, आणि आईला खरं काय ते सांगून टाकायचं भाविकाने चारदा ठरवून चारही वेळा शेपूट घातली.

खरं असं होतं की कमळाला लुगडं घ्यायला नेतो म्हणून गाडीत बसवलं होतं, आणि गाडी निघाली होती नारपोलीला, मुश्ताकचाचाच्या दुकानात, बेस गिटार बघायला.

बाजाराचं वळण मागे पडलं तशी कमळा बोलली. "लुगडी नारपोलीला कवापासून इकाला लागली?"

"आई, लुगडं येताना घेऊ," भाविका म्हणाली. "आधी मला बेस घ्यायचाय. तू फक्त ऐकून सांग."

"मी?" कमळा समोरच बघत होती. "मना कान हाय? तुज्या भावाला इचार. तो बोलतो, माजा सूर हललाय."

"आई, तो विषय संपला ना आता," प्रितम म्हणाला.

"तुजा संपला. माजा न्हाय संपला." मग मान न वळवता तिने मागच्या सीटचाही हिशेब केला. "आन तू गो, गाय होऊन बसलीस ती. तू पन वाजवलास त्या दिवशी."

ते खरं होतं.

त्या दिवसाचं सांगायला हवं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, धवलारीण आधी लागते. हळदीपासून पाठवणीपर्यंत तिने धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटल्याशिवाय पान हलत नाही. कमळा चाळीस वर्षं धवलारीण होती. वही नाही, पेटी नाही, सगळं तोंडपाठ. तिच्या धवळ्यात एक सूर असा होता की तो प्रितमच्या बेंजोवर कुठे सापडायचाच नाही. एक पट्टी दाबली तर वर जायचा, शेजारची दाबली तर खाली राहायचा. ही खोट बेंजोची आहे, हे प्रितमच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. तिथे जागा होती कुठे? पंधरा वर्षांची बेंजो पार्टी, टेम्पोभर स्पीकर आणि स्वतःचा गॉगलवाला फोटो छापलेला बॅनर तिथे आधीच दाटीवाटीने बसला होता.

गेल्या वैशाखात काकाच्या मुलाच्या, भावेशच्या हळदीला कमळा पाटाजवळ बसून धवळा म्हणत होती. ह्या पठ्ठ्याने, प्रितमने, माइक उचलला आणि भरल्या मांडवात म्हणाला, "आता आईला आराम द्या मंडळी, आईचा सूर हललाय." मांडव हसला. त्याने चार मोजले आणि पार्टी सुरू झाली. पार्टीत बेसवर भाविका होती. चार मोजल्याबरोबर तिचा हात चालला. थांबवायला हवा होता, तिने थांबवला नाही. कमळा उठली, चप्पल घातली आणि घरी गेली. त्यानंतर सात लग्नांची बोलावणी आली, सातही तिने दारातूनच परत पाठवली.

आता आठ दिवसांवर भावेशच्या बहिणीची, ऋतिकाची हळद होती. तेच घर, तोच मांडव. कमळाने तिथेही 'न्हाय' सांगितलं होतं आणि प्रितमने कुठलेतरी धवळे पेन ड्राइव्हवर भरून ठेवले होते. घरची धवलारीण धडधाकट असताना पेन ड्राइव्ह! आई ऋतिकाला गायली नाही तर पुन्हा कधीच गाणार नाही, हे भाविकाला स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात आपल्या हाताचा वाटा किती हेही.

तिने आपल्यापरीने उपाय शोधला होता. आई तांदूळ निवडताना गुणगुणायची तेव्हा भाविका शेजारच्या खोलीत पार्टीचा बेस मांडीवर घेऊन तो सूर शोधत बसायची. सापडायचा नाही. बेसच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. बोट जरा इकडेतिकडे झालं तरी सूर पडद्यावरच जाऊन बसतो. नवशिक्याला ती सोय आहे, पण आईचा सूर दोन पडद्यांच्या मध्ये राहत होता. म्हणजे पडदेच नसलेला बेस हवा. तसा बेस आईच्या आवाजाखाली बरोबर धरला, तर सूर हलला म्हणायची कोणाची छाती होईल? गोदामाच्या ऑफिसात सहा महिने ओव्हरटाइम करून तिने त्याच्या पैशांची सोय केली होती.

प्रितम बरोबर आला तो काही मदतीला नव्हे. मुश्ताकचाचा त्याच्या ओळखीचा, त्याच्या बेंजोंचा डॉक्टर. बहिणीच्या डोक्यातलं खूळ तिथेच उतरवायचं आणि तिला गुपचूप पडदेवाला बेस घ्यायला लावायचा, असा त्याचा बेत होता. चाचा फोनवर म्हणाला होता, शुक्रवारी सकाळी या, खालचे कापडाचे लूम बंद असतात, नीट ऐकू येईल. प्रितमने मुद्दाम गुरुवार धरला.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली चोवीस लूमची शेड. जिना चढतानाच पायातून खटखट डोक्यात शिरत होती. आत भिंतीला पोट फोडलेले बेंजो, भात्याविना पेट्या, माना नसलेल्या गिटारी. मुश्ताकचाचाने कमळाला स्टूल पुसून दिलं. "बैठिए अम्मा." कमळा मांडीवर पिशवी धरून बसली, दाराकडे तोंड करून.

"दो हैं बेपर्दा," चाचा भाविकाला म्हणाला. कारागिराच्या हिंदीत बिनपडद्याच्या बेसचं ते साधं सरळ नाव होतं.

प्रितमला आयतंच सापडलं. "ऐकलंस, आई? तुझ्या लेकीला बेपर्दा पाहिजे. शोभतं बाकी."

"बेपर्दा म्हंजे काय र?" कमळाने विचारलं.

"तोंड उघडं टाकून चार लोकांत फिरते ना, तशी बाई."

"मंग मी पन तीच. चाळीस वर्सं चार गावांत तोंड उघडून गायली, त्याव तुमी सगली जेवलाव." कमळा पुन्हा दाराकडे वळली. चाचाने हसू मिशीत लपवलं आणि कपाटाकडे गेला.

पहिला बेस काळा, चकचकीत, कंपनीचा. पडदे नव्हते, पण जिथे पडदे असायचे तिथे पांढऱ्या बारीक रेषा आखलेल्या. दुसरा तपकिरी. तो मुळात पडद्यांचाच होता. चाचाने पकडीने एकेक पडदा उपटला होता, राहिलेल्या खाचांत त्याच रंगाचं लाकूड बसवलं होतं आणि वर हात फिरवला तर जोड लागू नये इतकं घासलं होतं. त्या मानेवर खूणच नव्हती, नुसतं लाकूड.

"रेषावाला घे," प्रितम म्हणाला. "निदान बघून तरी वाजवशील. दुसरा म्हणजे आंधळ्याचा खेळ आहे."

तिला वाटलं, ह्याने सांगितलं म्हणजे उलटं करावं. पण तिलाही रेषांचा मोह होताच. तिने काळा उचलला, चाचाने वायर जोडून अँप लावला. भाविकाने सात वर्षांच्या सवयीने रेषेच्या किंचित मागे बोट दाबलं आणि तार छेडली. सूर खाली बसला. दुसरा छेडला, तोही खाली. पूर्ण सप्तक वाजवलं आणि ते अथपासून इतिपर्यंत बेसूर निघालं.

प्रितम गुडघ्यावर थाप मारून हसला. "आईचीच लेक! एका माळेचे मणी!"

हा माणूस आपला भाऊ आहे, लहानपणी ह्याच्याच पाठुंगळीवर बसून आपण जत्रेला जायचो, याचं भाविकाला त्या क्षणी खरंच आश्चर्य वाटलं.

"बेटा, परदे की आदत है," चाचा म्हणाला. "परदा हो तो उंगली पीछे रखते हैं, सुर परदा बनाता है. यहाँ परदा नहीं है. उंगली लकीर के ऊपर रखो. सुर उंगली बनाएगी."

पडद्यावर वाढलेले सगळे हीच चूक करतात. प्रितमला ते माहीत होतं की नव्हतं देव जाणे, पण त्याचं हसू जरा आखडलं. भाविकाने बोटं रेषेवर आणली. सूर जागच्या जागी आले. मग तिने जे करायला आईला इथवर फसवून आणलं होतं ते सुरू केलं. तिने आईचा हळदीचा धवळा वाजवला, रेषांवर डोळे लावून, एकेक सूर मापून.

दोन ओळी झाल्या नसतील तोच कमळाने पिशवी खाली आपटली.

"थांबव ता. काय चालवलायस? ता काय धवला हाय? रेशनच्या लायनीत उभा केल्यासारका."

"मग कसा आहे, तू सांग ना."

"कसा हाय म्हंजे?" कमळाचा पारा चढला, आणि चढल्या पाऱ्यातच तिने गायला सुरुवात केली. खाली चोवीस लूम आपटत होते, पण टेम्पोभर स्पीकरांवरून गायलेली बाई होती ती, लूमला काय जुमानणार.

*हलद कांडली बाय, कुनाचे आंगनी…*

सहा महिन्यांनी आईचा मोकळा आवाज ऐकला आणि भाविकाचे डोळे भरून आले. ती घाईने आईच्या आवाजाखाली शिरली. तो अवघड सूर आला तसं तिने रेष सोडून बोट दोन रेषांच्या मध्ये नेलं, आणि सूर सापडला. खरोखर सापडला. बेस आणि आईचा आवाज एक झाले. ह्याच्यासाठी तर सगळा आटापिटा होता.

कमळा मधेच थांबली.

"माज्या पायाखाली कशाला येतेस गो?"

"मी तुला आधार देत होते, आई."

"आधार?" कमळा स्टुलावरून उठली. "मी पडली व्हती कदी? भाऊ बोलला आयचा सूर हललाय, आन तू ही लाकडां घेऊन आलीस टेकू लावाला. म्हंजे तुना पन तसाच वाटतं. तो तोंडाव बोलला, तू गोड बोलून खोटा बोलून हिता आनलास. तुज्यापेक्षा तो बरा!"

प्रितमने मान डोलावली. त्याची बाजू आईने घेतली असं त्याला वाटलं असावं.

भाविकाला वाद घालायचा होता, पण आई म्हणत होती ते तिच्या मनात कुठेतरी होतंच. आईच्या सुराला साक्षीदार लागेल, असंच तिनेही धरलं होतं. तिने बेस मांडीवर आडवा ठेवला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "आज पण, आणि त्या दिवशी पण. दादाने चार मोजले आणि मी वाजवलं. मला थांबता आलं असतं. मी घाबरले, पार्टीतून काढेल म्हणून."

"ता मना तवाच कलला व्हता," कमळा म्हणाली. आवाजात ओलावा नव्हता. "सीताबाय आसती तर तिनी तुजे हातावर फटका मारला आसता."

सीताबाई म्हणजे कमळाची जोडीदारीण. तीस वर्षं दोघी मिळून धवळे म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी सीताबाई वारली, तेव्हापासून कमळा एकटीच दोघींच्या ओळी ओढत होती.

"सीताबाय माज्या खाली गायची? माज्या संगती गायची?" कमळाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं. "मी ओल सोडली का ती झेलायची. मी सोडल्याबिगर तिचा तोंड उघडाचा न्हाय. मी दम घ्यायची, ती गायची. ती दम घ्यायची, मी गायची. लहानपनापासून हलदीत बसलीस, येवढा पन कलला न्हाय तुना? सगला त्या पार्टीत गमावलास."

भाविकाला खरंच कळलं नव्हतं. बेंजो पार्टीत बेस सगळ्यांच्या खाली, सगळ्यांच्या बरोबर चालतो. धवळ्यात कोणी कोणाच्या खाली नसतं, एकीने टाकायचं आणि दुसरीने झेलायचं, ही इतकी उघडी गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर वीस वर्षं होती.

"मग टाक," ती म्हणाली. "मी झेलते."

"तू?" कमळाने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "तू त्या पांढऱ्या रेघा बघत बसशील. झेलनारीनं तोंडाकडं बघाचा आसतं, न्हायतर कवा सोडलाय ता कसा समजाचा? ठेव ता खाली."

भाविकाने काळा बेस चाचाच्या हातात दिला आणि तपकिरी घेतला. निवड एवढीच झाली, कुणी त्यावर भाषण केलं नाही. मान हाताला उघडी, गुळगुळीत लागली. बोटांना धरायला काही नव्हतं.

कमळा परत स्टुलावर बसली आणि तिने ओळ टाकली. भाविका तोंडाकडे बघत होती, तरी अर्धा क्षण आधीच तिची तार वाजली.

"मी सोडली न्हाय आजून."

पुन्हा टाकली. ह्या वेळी भाविका थांबली, जास्तच थांबली, आणि बोट पोचलं ते त्या अवघड सुराच्या खालीच.

"खाली," कमळा म्हणाली. "सीताबायचा मुडदा बरा गाईल."

"झालं ना समाधान?" प्रितम उठला. मघापासून तो मोबाइल बघत असल्याचं नाटक करत होता, पण त्याच्या मानेची शीर ताठली होती. "चला. आठ दिवसांवर काम आलंय आणि इथे तमाशा. हे असलं माझ्या मांडवात चालणार नाही. बेंजो माझा, माइक माझा, कोणी कधी गायचं ते मी ठरवतो." एवढं बोलून त्याने वाकून अँपची वायर उपटली. बेसचा आवाज मेला. खाली फक्त लूम उरले.

कमळाने मुलाकडे पाहिलं. मांडवात त्याने माइक घेतला होता तेव्हाही तिने असंच पाहिलं असेल, पण तेव्हा ती उठून गेली होती. आता ती उठली नाही. स्टुलावर नीट मागे सरकून बसली आणि पदर खोचला.

"मांडव तुज्या काकाचा," ती म्हणाली. "तू सुपारी घेऊन येतोस तिता. मी घरची हाय."

प्रितम काही बोलणार तोच मुश्ताकचाचा मधे आला. म्हातारा, हडकुळा माणूस, प्रितमच्या खांद्यालाही लागत नव्हता. "प्रितमभाई, इस दुकान में तार मैं निकालता हूँ." त्याने वायर उचलली, पुसली आणि परत खोचली. अँप घुर्र झाला.

"हिला काढली मी पार्टीतून," प्रितम म्हणाला. "आजपासून. ऐकतेस ना?"

"ऐकलं," भाविका म्हणाली. सात वर्षं जिची धास्ती घेतली ती गोष्ट घडून गेली होती आणि तिचा हात अजून बेसच्या मानेवरच होता. प्रितम दाणदाण जिना उतरला. उतरता उतरता, परत कसे येता तेच बघतो, असं काहीतरी ओरडला. ते लूमच्या आवाजात विरलं.

"बघ हिता," कमळा म्हणाली. भाविकाचे डोळे जिन्याकडे गेले होते ते तिने आईच्या तोंडावर आणले.

*हलद कांडली बाय, कुनाचे आंगनी…*

ओळीच्या शेवटी कमळाचा ओठ जरा आत ओढला गेला. आवाज संपायच्या आधी तो तसा व्हायचा. वीस वर्षांत भाविकाने हे कधी पाहिलं नव्हतं, कारण हळदीत ती कधी आईच्या तोंडाकडे बघत बसलीच नव्हती. ओठ आत गेला, आवाज सुटला, आणि भाविकाचं बोट खालून घसरत वर आलं आणि त्या सुरावर थांबलं. तिथे रेष नव्हती, पडदा नव्हता. ती ओळ तिने एकटीने म्हटली, शेवटपर्यंत, आई दम घेत असताना.

कमळाने वाहवा केली नाही. मानही हलवली नाही. धवळ्याच्या दुसऱ्या ओळीत नवरीचं नाव घालायचं असतं, जिच्या अंगाला हळद लागणार तिचं. ते नाव घेतलं की धवलारीण त्या लग्नाला बांधली जाते, मग मागे हटता येत नाही. कमळाने छाती भरून दम घेतला आणि लूमच्या वर आवाज चढवला.

*मांडवाचे दारी बसली बाय ऋतिका…*